टम्बलवीडची अपडेट्स आणि त्यांच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या लॅपटॉपवर ओपनसुसे टम्बलवीड हे लिनक्स वितरण टाकून दिलं की पहिल्या दोन महिन्यांत तेच तेच प्रश्न येतात. बहुतेक रात्री साडेदहानंतर येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

रोलिंग रिलीज म्हणजे नेमकं काय?

आवृत्ती नावाची गोष्टच नाही. १५ वरून १६ वर जायचं, दोन वर्षांनी सगळं नव्याने टाकायचं, हा प्रकार इथे होत नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा), डेस्कटॉप, ब्राउझर, कंपायलर, सगळं आपापल्या वेगाने पुढे सरकतं आणि तुमची सिस्टिम त्यांच्यासोबत सरकते. टम्बलवीड हे वाऱ्याने घरंगळत जाणाऱ्या वाळक्या झुडपाचं नाव आहे.

ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलवाल्या माणसाने २०१० च्या अखेरीस ही कल्पना मांडली. तेव्हा ती नेहमीच्या ओपनसुसेला जोडलेली एक वेगळी रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं भांडार, होती. ४ नोव्हेंबर २०१४ ला ती फॅक्टरी या विकासशाखेत विलीन झाली आणि आजचं टम्बलवीड तिथून सुरू झालं.

म्हणजे आम्ही फुकटचे टेस्टर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि थोडा रागाने विचारलेला. उत्तर: नाही, पण का नाही ते समजून घ्या.

समजा एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. तिचा मेंटेनर, म्हणजे ते पॅकेज सांभाळणारा, ती आधी विकासाच्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये बांधतो. हे काम ओपन बिल्ड सर्व्हिसवर चालतं. मग फॅक्टरीसाठी विनंती जाते. तिथे काही बॉट आणि काही माणसं ती बघतात: परवाना ठीक आहे का, पॅकेज नियमात बसतं का, त्यावर विसंबलेलं दुसरं कुठलं पॅकेज मोडतं का (यालाच अवलंबित्व तुटणं म्हणतात). जे पॅकेज हलवलं की दहा ठिकाणी हादरे बसतात, ते आधी स्टेजिंगमध्ये जातं. हे मुख्य वाड्याच्या बाहेरचे छोटे मांडव समजा. एका मांडवात नवी ग्लिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी), दुसऱ्यात नवं क्यूटी (खिडक्या-बटणं काढणारं). तिथे उभं राहिलं, टिकलं, तरच आत प्रवेश.

आत आल्यावर सगळ्या पॅकेजांचा मिळून एक स्नॅपशॉट तयार होतो. त्याला तारखेचाच क्रमांक असतो, उदाहरणार्थ २०२४०३२८. हा अख्खा स्नॅपशॉट ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणीयंत्रणेतून जातो. पास झाला तर प्रसिद्ध होतो. नापास झाला तर तो तुमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून कधी चार दिवस काहीच येत नाही आणि पाचव्या दिवशी आठशे पॅकेजांचा लोंढा येतो. त्या शांततेत कुणीतरी नापास झालेलं असतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. चाचणी सुट्या पॅकेजची होत नाही, त्या दिवशीच्या संपूर्ण संचाची होते. अमुक फायरफॉक्स तमुक लायब्ररीसोबत चालतो, एवढीच हमी असते.

ओपनक्यूए तपासतं म्हणजे काय करतं?

माणूस जे करेल ते. आभासी मशीन सुरू करतं, त्यात इन्स्टॉलरची प्रतिमा घालतं, कळा दाबतं, माउस हलवतं आणि पडद्याचे फोटो काढतं. हे फोटो आधी जपून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले जातात. या नमुन्यांना तिथे ‘नीडल’, म्हणजे सुई, म्हणतात. प्रत्येक सुईत एक चित्र असतं आणि त्या चित्रातला कोणता चौकोन जुळायला हवा याची नोंद असते. अख्खा पडदा जुळवत बसत नाहीत, नाहीतर घड्याळातलं मिनिट बदललं म्हणून चाचणी नापास झाली असती.

प्लाझ्मा आणि ग्नोम दोन्ही डेस्कटॉपवर नवी इन्स्टॉलेशन, नुसती टेक्स्ट मोडची, कूटबद्ध डिस्कवरची, रेडवरची (अनेक डिस्क एकत्र जोडलेली), जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड, अशा कितीतरी वाटा रोज चालून पाहिल्या जातात. मग ब्राउझर उघडतो का, लिबरऑफिस उघडतं का, टर्मिनलमध्ये अक्षरं उमटतात का. चाचण्यांची पानं सगळ्यांना खुली आहेत. कोणती चाचणी कुठल्या पायरीवर लाल झाली ते फोटोसकट दिसतं, व्हिडिओसुद्धा असतो. एकदा बघाच. न दिसणाऱ्या बोटांनी कुणीतरी भराभर इन्स्टॉलर पुढे नेतंय हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

गंमत म्हणजे कधीकधी सॉफ्टवेअर ठणठणीत असतं आणि बटणाचा रंग बदलला म्हणून सुई टोचते. मग माणसाला बसून नवी सुई करावी लागते. ही यंत्रणा ओपनसुसेवाल्यांनीच बनवली. पुढे फेडोरानेही घेतली.

एवढं तपासूनही माझ्याकडे बिघाड आला. तो कसा?

कारण तुमचा लॅपटॉप आभासी मशीन नाही. ओपनक्यूएला तुमचं वायफाय कार्ड माहीत नाही. झाकण मिटून उघडल्यावर पडदा काळाच राहतो हे त्याला दिसत नाही. तुमचा सात वर्षांचा प्रिंटर, दुसरा मॉनिटर, ब्लूटूथ हेडफोन यांपैकी काहीच त्याच्या टेबलावर नसतं. दुसरं, बाहेरच्या रेपॉझिटरीतून घेतलेली पॅकेजं त्या संचात नव्हतीच. आणि तिसरं, तीन वर्षांपूर्वी स्वतः बदललेली एखादी कॉन्फिगरेशन फाइल, जी आपण सोडून कुणाकडेच नसते.

माझ्या अनुभवात पहिल्या दोन कारणांत बहुतेक तक्रारी संपतात.

‘झिपर अप’ केलं तर काय बिघडतं? ‘झिपर डप’च का?

झिपर म्हणजे ओपनसुसेचं पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन. त्याचं ‘अप’ फक्त वरच्या आकड्याची पॅकेजं बसवतं. काही काढून टाकावं लागत असेल, दोन पॅकेजं एकत्र होऊन तिसरं झालं असेल, तर ते अडखळतं आणि जमेल तेवढं करून थांबतं. ‘डप’ मात्र रेपॉझिटरीत जशी स्थिती आहे तशीच तुमच्याकडे आणतं. नवं घालतं, जुनं काढतं, गरज पडली तर खालच्या आवृत्तीवरही नेतं. तपासला गेला तो संच हवा असेल तर डप हाच रस्ता आहे. ‘अप’ने जे तयार होतं ते जगात फक्त तुमच्याकडे असतं.

हेच सुट्या पॅकेजलाही लागू. एकदा घाईत मी महिनाभर अपडेट न केलेल्या मशीनवर फक्त एक व्हिडिओ एडिटर टाकला. त्याने सोबत चार नव्या लायब्रऱ्या ओढून आणल्या, आणि दुसऱ्या दिवशी फाइल मॅनेजर उघडेना. दोष कुणाचाच नव्हता, माझा सोडून. बऱ्याच दिवसांनी काही नवं टाकायचं असेल तर आधी डप, मग ते.

किती दिवसांनी अपडेट करायचं?

आठवड्यातून एकदा पुरे. रोज करणारे असतात. तो छंद आहे, गरज नाही. महिना गेला तरी आकाश कोसळत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही याच वाटेने येतात, तेव्हा फार रेंगाळू नका. सहा महिन्यांनी केलेलं डपही बहुतेक वेळा पार पडतं, फक्त काही बिघडलं तर हजारो बदलांतला कोणता नडला हे शोधणं जिकिरीचं होतं.

दिवस निवडताना एक साधं पथ्य: दुसऱ्या दिवशी सकाळी सादरीकरण, परीक्षा किंवा प्रवास असेल तर आज रात्री डप नको.

मोबाइलच्या डेटावर चालतं का? रोजचा दीड जीबीच मिळतो.

ओढाताण होते, पण चालतं. डपला ‘डाउनलोड-ओन्ली’ हा पर्याय जोडला की पॅकेजं फक्त उतरवली जातात, बसवली जात नाहीत. आज थोडी, उद्या थोडी असं करता येतं. मात्र मधे नवा स्नॅपशॉट आला तर काही पॅकेजं पुन्हा उतरवावी लागतील, हा तोटा धरून चाला.

काही आठवडे मुळातच जड असतात. जीसीसी कंपायलरची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, साधारण एप्रिल-मे मध्ये येते. टम्बलवीडने ती मुख्य कंपायलर म्हणून स्वीकारली की सगळी पॅकेजं नव्याने बांधली जातात. त्या दिवशी तुमच्याकडे जेवढं म्हणून आहे ते जवळजवळ सगळं बदलतं. अशा वेळी कुणाच्या तरी घरचं ब्रॉडबँड गाठा.

अपडेट चालू असताना वीज गेली तर?

उतरवताना गेली तर काहीच नाही, पुन्हा सुरू करा. बसवताना गेली तर अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी अशी खिचडी होऊ शकते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल तरच डप. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि दारात पाऊस असेल तर उद्या.

विजेपेक्षा जास्त वेळा घात होतो तो डेस्कटॉपच कोसळण्याने. टर्मिनलच्या खिडकीत डप सुरू आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, सेशन पडलं, खिडकी गेली, सोबत डपही गेलं. म्हणून मोठं अपडेट टीमक्समध्ये (खिडकी गेली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर. संपल्यावर ‘झिपर पीएस -एस’ सांगतं की कोणते प्रोग्राम अजून जुन्या, पुसल्या गेलेल्या फाइली धरून बसलेत. यादी लांब असेल तर सरळ रीबूट करा.

अपडेटनंतर मशीन सुरूच होईना!

आधी चहा ठेवा. टम्बलवीड नेहमीच्या पद्धतीने टाकलं असेल तर मूळ विभाजन बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर असतं, आणि प्रत्येक झिपर कामाच्या आधी व नंतर स्नॅपर हे साधन त्या स्थितीची खूण करून ठेवतं. (नाव तेच, स्नॅपशॉट, पण हा तुमच्या डिस्कवरचा, तो वरचा रेपॉझिटरीचा. गोंधळ होतो खरा.)

मशीन चालू करताना बूट मेनूत रीड-ओन्ली स्नॅपशॉटमधून सुरू करण्याची ओळ असते. ती निवडा, मग अपडेटच्या आधीच्या वेळेची नोंद निवडा, सिस्टिम सुरू होऊ द्या. ती ठीक चालतेय याची खात्री झाली की ‘सूडो स्नॅपर रोलबॅक’, आणि पुन्हा रीबूट. ही शेवटची आज्ञा लोक विसरतात. मग पुढच्या वेळी मशीन पुन्हा बिघडलेल्या स्थितीत उघडतं आणि मला फोन येतो.

तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, कारण होम (तुमच्या फाइलींचा फोल्डर) त्या खुणेत येतच नाही. पण नेमकं म्हणूनच हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की खुणाही गेल्या. होममधल्या सेटिंग्जही मागे जात नाहीत. नव्या ब्राउझरने आपलं प्रोफाइल पुढच्या स्वरूपात लिहिलं असेल तर जुना ब्राउझर कुरकुर करू शकतो. आणि मूळ विभाजन आखूड ठेवलं तर खुणाच जागा खातात. ४० जीबीच्या खाली मी जात नाही.

नुसतं कर्नलच नडत असेल तर एवढंही करू नका. आधीचं कर्नल काढून टाकलेलं नसतं, बूट मेनूच्या प्रगत पर्यायांत असतं.

झिपर विचारतं: पर्याय १, २ की ३? काय दाबू?

नव्वद टक्के वेळा याच्या मागे पॅकमन ही बाहेरची रेपॉझिटरी असते. काही व्हिडिओ-ऑडिओ कोडेक पेटंटच्या भानगडीमुळे मुख्य रेपॉझिटरीत ठेवता येत नाहीत, ते लोक पॅकमनमधून घेतात. आता टम्बलवीडमध्ये एखादी लायब्ररी पुढे गेली आणि पॅकमनने तिच्यासाठी आपली पॅकेजं अजून बांधली नाहीत, की मधल्या काळात दोघांचं जमत नाही.

उत्तर कंटाळवाणं आहे: रद्द करा, दोन-तीन दिवस थांबा. पॅकमन गाठतं. ‘अवलंबित्वाकडे दुर्लक्ष करून पॅकेज मोडकं ठेवा’ असा एक पर्याय झिपर देतं. तो पर्याय चाचणी झालेल्या संचाला स्वतःच्या हाताने भोक पाडण्याचा आहे. आणि पुरवठादार बदलण्याबद्दल विचारलं तर वाचून उत्तर द्या. नुसतं एंटर ठोकून कोडेक हरवलेले लोक मी पाहिलेत.

याला कंटाळून मी स्वतः व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर फ्लॅटपॅकमधून घेतो, म्हणजे आपल्या लायब्रऱ्या सोबत आणणाऱ्या वेगळ्या पॅकेजातून. पॅकमनशिवाय दोन वर्षं झाली, काही अडलं नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर?

तीच गोष्ट, थोडी जास्त दुखरी. कर्नल नवं, ड्रायव्हरचं मॉड्यूल त्याच्याशी जुळत नाही, पडदा काळा. जुन्या कर्नलने सुरू करा आणि ड्रायव्हर येईपर्यंत थांबा. नवा लॅपटॉप घेताय आणि खेळांसाठी नाही, तर इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स घ्या, सुखी व्हाल.

२०२४ च्या एक्सझेड प्रकरणात टम्बलवीडच्या चाचण्या कुठे होत्या?

रास्त प्रश्न. एक्सझेड ही फाइली आवळण्याची लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं खपून प्रकल्पाचा विश्वास मिळवला, सह-मेंटेनर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आवृत्तीत चोरदार बसवलं. एसएसएचमधून (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) आत शिरायचा बेत होता. टम्बलवीडमध्ये ती आवृत्ती ७ मार्चला आली आणि २८ मार्चपर्यंत राहिली.

ओपनक्यूएच्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. का नसाव्यात? लायब्ररी फाइली नीट आवळत होती, एसएसएच नीट चालत होतं. अपेक्षित काम होतंय का एवढंच चाचणी विचारते. नको ते कामही होतंय का, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. हा प्रकार सापडला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकाला, तोही वेगळ्याच कामात. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या खुटखुटीने तो खणत गेला. २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं.

टम्बलवीडने घाईने मागे पाऊल घेतलं, आणि त्यातला तपशील मला आवडतो. जुनी ५.४ परत द्यायची, पण आकडा खाली गेला तर ‘अप’ करणाऱ्यांना ती मिळणार नाही. म्हणून पॅकेजला आकडा दिला ५.६.१ आणि त्याला शेपूट जोडलं: ‘रिव्हर्ट-टू-५.४’. दिसायला पुढे, असायला मागे. ज्यांचं एसएसएच थेट इंटरनेटला उघडं होतं त्यांना प्रकल्पाने सरळ नव्याने इन्स्टॉल करायला सांगितलं.

सावकाश चालणाऱ्या स्थिर वितरणांपर्यंत ती आवृत्ती पोचलीच नव्हती. ताजेपणाची ही किंमत आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

आर्च किंवा डेबियन टेस्टिंगपेक्षा हे वेगळं कसं?

ही दोन्ही वेगळी लिनक्स वितरणं. आर्चमध्येही चाचणीच्या वेगळ्या रेपॉझिटरी असतात, पण भर माणसांनी वापरून ‘ठीक आहे’ म्हणण्यावर, आणि वापरणाऱ्याने बातम्या वाचून अपडेट करण्यावर. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरच्या अपडेटनंतर आर्चवर आधारलेली बरीच मशीन बूट होईनात, तेव्हा हे अनेकांना जाणवलं. अर्धवट अपडेट चालणार नाही, हा नियम मात्र तिथेही तितकाच कडक. डेबियनमध्ये पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, साधारण २, ५ किंवा १० दिवस तिथे मुरतं, गंभीर बग नोंदला गेला नाही तर टेस्टिंगमध्ये उतरतं. तिथे काळ तपासतो, इथे यंत्र. मला यंत्र बरं वाटतं, कारण त्याला रविवार नसतो.

अपडेटनंतर मराठी नीट दिसतंय हे कोण बघणार?

तुम्ही. अक्षरजुळणी हार्फबझ करतं, आकार फॉन्टमधून येतात, टायपिंग आयबसमधून; तिन्ही स्वतंत्रपणे पुढे जातात. माझ्याकडे एक छोटी मजकुराची फाइल आहे: दऱ्या, तऱ्हा, कॅप्टन, ॲप, ऑफिस, क्ष, ज्ञ, राष्ट्र, दुर्ग. मोठं अपडेट झालं की लिबरऑफिस आणि ब्राउझरमध्ये ती उघडतो. ‘दऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र मोडून दुसरं काही दिसलं तर लगेच कळतं. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी अजून चौकोन दिसतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी, फॉन्टमध्ये ती असली तरी मजकुराची भाषा मराठी लावलेली नसेल तर मिळतीलच असं नाही. हे बग नव्हे, सेटिंग आहे. दहा सेकंदांचं काम आहे, आणि आपल्यासाठी ते दुसरं कोण करणार?

पाच वर्षांपूर्वी टाकलेलं आणि आज टाकलेलं टम्बलवीड सारखंच असतं का?

पॅकेजं सारखी, पाया वेगळा. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या इन्स्टॉलेशनला एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था मिळते. जुन्या मशीनवर ॲपआर्मर होतं ते तसंच राहतं, डपने बदलत नाही. शिवाय तुम्ही हात लावलेल्या कॉन्फिगरेशन फाइलींच्या शेजारी ‘आरपीएमन्यू’ शेपटीच्या नव्या फाइली साठत जातात. ‘आरपीएमकॉन्फिगचेक’ ही आज्ञा त्यांची यादी देते. दिवाळीच्या साफसफाईत हेही उरकून घ्या.

आईबाबांच्या मशीनवर टाकू का? दुकानाच्या बिलिंगवर?

बिलिंगवर नको, तिथे लीप, म्हणजे ओपनसुसेचं स्थिर वितरण. आईबाबांसाठी स्लोरोल (टम्बलवीडचंच संथ रूप) बघा: मोठे बदल साधारण महिन्याने, सुरक्षेच्या दुरुस्त्या मधेही. तुम्ही त्याच घरात राहत असाल तर टम्बलवीडही चालेल. दूर असाल तर फोनवरून आईला बूट मेनू समजावून सांगायची तयारी ठेवा.

बग सापडला. कुठे आणि कसा कळवू?

ओपनसुसेच्या बगझिला या बग नोंदवायच्या साइटवर. आधी तिथे शोधा, बहुतेक वेळा कुणीतरी आधीच लिहिलेलं असतं. नसेल तर स्नॅपशॉटचा क्रमांक द्या. तो ‘ईटीसी’मधल्या ‘ओएस-रिलीज’ फाइलमध्ये मिळेल. कोणत्या क्रमांकापर्यंत ठीक होतं आणि कोणत्यापासून बिघडलं, हे दोन आकडे दिलेत तर शोधणाऱ्याचं निम्मं काम झालं. ते तुम्हाला कळावेत म्हणून मी दर डपच्या आधी तो क्रमांक एका वहीत लिहितो. हो, कागदाच्या. मशीन सुरू होईना तेव्हा वही उघडते.